तुर्कूतला लिओ

तुर्कू शहरात या आठवड्यात कुठलं चित्र कुठल्या भिंतीवर लागलंय, हे लिओ तुस्कानोला जितकं ठाऊक असायचं तितकं तुर्कूच्या महापौरालाही नसेल. आणि लिओने तुर्कू जन्मात पाहिलेलं नव्हतं. गाव फिनलंडच्या नैर्ऋत्येला, औरा नावाच्या नदीवर. आणि लिओ दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये, चौथ्या मजल्यावर, एसीच्या थेट झोतात, गळ्याला मफलर गुंडाळून बसलेला. बाहेर बेचाळीस डिग्री असली तरी मफलर. तुर्कूकरांशी त्याचं तेवढंच काय ते साम्य.

नोकरीच तशी होती. युरोपातल्या अकरा शहरांत कुठे प्रदर्शन, कुठे वादन, कुठे जुन्या पुस्तकांचा बाजार, याचं इंग्रजी साप्ताहिक पत्रक त्याची कंपनी काढायची. एकेका माणसाला एकेक शहर वाटून दिलेलं. नियम असा की वाचकाला वाटलं पाहिजे, लिहिणारा आपल्याच गल्लीत राहतो. आपण कुठे बसून लिहितो हे कुणालाही सांगायचं नाही. सांगितलं की नोकरी गेलीच म्हणून समजा. लिओ हे नाव फिनलंडमध्येही पोरांना ठेवतात, म्हणून त्याला तुर्कू मिळालं. शेजारच्या टेबलावरच्या श्रीवर्धनच्या उझैरला पोर्तो मिळालं, आणि त्यासाठी त्याला कागदावर ऊगो व्हावं लागलं.

उझैर पोर्तोला संध्याकाळी सहा वाजता विसरून जायचा. लिओला ते जमलं नाही. वसईजवळच्या गिरीजचा हा मुलगा मुंबईत दोन वर्षं चित्रकला शिकला होता. मग पप्पा आजारी पडले, कॉलेज सुटलं, आणि ज्याला रंगात हात घालायचे होते त्याने दुबईत येऊन कीबोर्डावर घातले. चार वर्षांपूर्वी तुर्कू पदरात पडलं तेव्हा, खोटं कशाला सांगा, तो त्या गावाच्या प्रेमातच पडला. गॅलऱ्या आगाऊ फोटो पाठवायच्या, ते तो मोठे करून बघत बसायचा. इंटरनेटवरच्या नकाशातल्या रस्त्यांच्या फोटोंतून तो नदीकाठाने चालायचा. नदी ओलांडून देणारी फुकटची केशरी फेरीबोट कुठून सुटते, चढावर दम लागला तर बाक कुठे आहे, सगळं त्याला पाठ. मात्र त्या फोटोंत कायम जूनमधली एकच दुपार असायची, आणि लाल सायकलवरची एक बाई चार वर्षं त्याच कोपऱ्यावर वळत होती.

“जा ना एकदा. मी काय अडवलंय?” नोरा म्हणायची. नोरा त्याची बायको. बर दुबई भागातल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर होती.

पण आखातातल्या माणसाची सुट्टी त्याची नसते. वर्षाचे तीस दिवस, ते गावाच्या नावावर आधीच लागलेले. एका वर्षी बहिणीचं लग्न, एका वर्षी पप्पांच्या वर्षश्राद्धाची चर्चमधली मिस्सा, एका वर्षी करेनचं पहिलं कम्युनियन. करेन त्यांची आठ वर्षांची मुलगी. तुर्कू आपलं दरवर्षी पुढच्या वर्षावर जायचं.

अशात आइला आली. म्हणजे तिचं पत्र आलं.

दोन वर्षांपूर्वी पत्रकाच्या इनबॉक्समध्ये एक ईमेल पडली. तिच्यात लिओच्या त्या आठवड्याच्या मजकुरातल्या इंग्रजीच्या नऊ चुका क्रमाने मांडल्या होत्या. खाली लिहिलं होतं: ‘मी तुर्कूत एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. तू नक्की माझ्या वर्गात नव्हतास, पण असतास तर शेवटच्या बाकावर असतास. प्रदर्शन मात्र तू सांगितलंस तसंच सुंदर होतं. आइला.’

लिओ चुका वाचून आधी चिडला, मग हसला, मग त्याने उत्तर लिहिलं. वाचकांना उत्तरादाखल दोन ओळी लिहायची परवानगी होती. त्याने बारा लिहिल्या. तेव्हापासून ती दर मंगळवारी लिहू लागली, कारण मंगळवारी ती वाचनालयात जायची आणि तिथल्याच कॉम्प्युटरवर मेल बघायची. घरी तिच्याकडे तसलं काही नव्हतं, मोबाइलही नाही. वय एकोणऐंशी. नवरा, एर्की, तीन वर्षांपूर्वी गेलेला. तो असताना दोघं दर शनिवारी एक प्रदर्शन बघायची. आता ती एकटी बघायची, पण कुठलं बघायचं ते लिओने ठरवायचं. लिओ एक नाव सांगायचा. ती शनिवारी जायची, आणि मंगळवारी काय दिसलं ते लिहायची.

आणि काय लिहायची! चित्रात निळा आहे, हे गॅलरीच्या फोटोतही कळतं. पण तो निळा जवळून बघताना खरवडल्यासारखा लागतो, आणि चार पावलं मागे गेलं की ओला दिसतो, हे आइला लिहायची. कोपऱ्यातल्या शिल्पाला मुलांनी हात लावून लावून एक कान गुळगुळीत केलाय, हे लिहायची. लिओ मंगळवारची वाट बघायला लागला. आयुष्यात जे बघायचं राहून गेलं, ते ही बाई त्याला आठवड्याला एक असं दाखवत होती. तिचं पत्र आलं नाही तर त्याला आठवडा घशाखाली उतरायचा नाही. आपण तिला फसवतोय, हे त्याला कळत होतं. पण तिने कधी विचारलं नव्हतं आणि त्याने कधी सांगितलं नव्हतं, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न देणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी त्याने मनाची समजूत घालून घेतली होती.

मग मार्चमध्ये त्याने ती चूक केली.

नदीकाठी उघड्यावर मांडलेल्या शिल्पांबद्दल त्याने मोठ्या हौसेने लिहिलं. कुठून सुरू करा, कुठे थांबा, कॉफी कुठे प्या. आणि सहज एक वाक्य टाकलं: ‘दुपारी जाणार असाल तर डाव्या हाताच्या फुटपाथने चाला, तिथे इमारतींची छान सावली असते.’ हे वाक्य ऑफिसात पाच जणांनी तपासलं. त्यात एक कोट्टायमचा होता, एक बैरुतचा, एक कराचीचा. एकालाही काही खटकलं नाही. खटकणार कसं? सावली सांगणं म्हणजे माणुसकी, असंच सगळ्यांच्या हाडात मुरलेलं.

मंगळवारी आइलाने लिहिलं. लिओने मेल उघडली ती बुधवारी सकाळी.

‘प्रिय लिओ, आमच्याकडे पाच महिने अंधार असतो. मार्चमध्ये ऊन आलं की माणसं रस्ता ओलांडून उन्हात जातात आणि डोळे मिटून भिंतीला टेकून उभी राहतात, हे तुलाही माहीत आहे. मार्चमध्ये सावलीतून चाला असं या शहरात कुणी कुणाला सांगणार नाही. मी ते वाक्य तीनदा वाचलं. मग माझ्या लक्षात आलं. एर्कीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यालाही ऊन सहन व्हायचं नाही, तोही सावलीच शोधायचा. तुझ्या डोळ्यांना काहीतरी झालंय. म्हणूनच तू कुठल्या उद्घाटनाला कधी दिसत नाहीस. मला आधी का नाही सांगितलंस?

‘शनिवारी बारा वाजता मी दोरखंडाच्या वखारीतल्या गॅलरीच्या दाराशी उभी राहीन. निळी टोपी. तू ज्या हातमोज्यांच्या प्रदर्शनाबद्दल लिहिलंस, ते आपण दोघं बघू. मी तुझा हात धरीन आणि जे दिसणार नाही ते सांगेन. मला सवय आहे. उत्तर पाठवू नकोस, मंगळवारपर्यंत मी ते वाचणारही नाही. मी असेन.’

लिओची पाचावर धारण बसली. त्याने आधी उत्तर लिहिलं, की मी या शनिवारी गावात नाही. पाठवलं. मग त्याला कळलं, की हे खोटं ती वाचेल मंगळवारी, तीन दिवस उशिरा, तिथे उभी राहून आल्यावर. म्हणजे खोटं बोलूनही उपयोग नाही.

त्याने उझैरला सांगितलं. उझैरने खुर्ची सरकवून आवाज खाली केला.

“अरे लिओभाय, टेन्शन कशाला घेतोस? तू गेला नाय, ती थोडा वेळ वाट बघेल, घरी जाईल. नंतर सिंपल सॉरी लिहून टाक. पण खरं सांगायच्या भानगडीत पडू नको हां. मॅनेजमेंटला कळलं तर डायरेक्ट टर्मिनेशन. खलास, हबीबी.”

“ती एकोणऐंशीची आहे रे. बाहेर शून्य डिग्री.”

“तिकडच्या बाया असतात स्ट्राँग,” उझैर म्हणाला आणि पोर्तोत परत गेला.

घरी नोराने पत्र दोनदा वाचलं. एरवी ती ‘तुझी ती फिनलंडवाली’ म्हणून त्याची खेचायची. आज खेचली नाही. उपवासकाळ चालू होता. ईस्टरपर्यंत लिओने मांसमच्छी सोडली होती आणि ते तो येईल त्याला ऐकवत होता.

“मटण सोडलंस,” नोरा म्हणाली, “आणि हे सोडता येत नाही?”

“नोकरी जाईल माझी.”

“जाईल तर जाईल असं मी म्हणणार नाही, मलाही फ्लॅटचं रेंट दिसतं. पण लिओ, तू नोकरीला घाबरत नाहीयेस. सांगितल्यावर ती परत लिहिणार नाही, त्याला घाबरतोयस.”

हे इतकं खरं होतं की लिओ उठून किचनमध्ये गेला आणि कारण नसताना पाणी प्यायला.

शनिवारी नोरा ड्युटीवर होती. करेन टेबलावर क्रेयॉन पसरून बसलेली. तुर्कूच्या बारा म्हणजे दुबईचे दोन. नदीवर बर्फ किती आहे ते बघायला तिकडे पुलाजवळ एक कॅमेरा बसवलेला होता. दर दहा सेकंदांनी त्याचं नवं चित्र इंटरनेटवर यायचं. त्यात एका बाजूला पादचारी पूल दिसायचा आणि पलीकडच्या काठावर वखारीचं दार. लिओने दीडपासूनच ते लावून ठेवलं. आली नाही तर सुटलो, असं त्याला वाटत होतं. आणि आली नाही तर? तेही नको वाटत होतं.

दोनला पाच कमी असताना दाराशी निळा ठिपका आला.

ठिपकाच तो, बोटाच्या नखाएवढाही नाही. पण लिओ ताडकन उभा राहिला. दोन वर्षं जिचं अक्षरन्‌अक्षर वाचलं, ती बाई पहिल्यांदा दिसत होती. दार उन्हात होतं, आणि ती मात्र दोन पावलं बाजूला, छपराच्या सावलीत उभी होती. त्याच्यासाठी. त्याला ऊन सोसत नाही म्हणून.

दोन वाजले. दोन दहा. चित्र बदलायचं, लोक यायचे जायचे, निळा ठिपका तिथेच. एकदा तो दारापासून जरा पुढे आला, कुणाला तरी बघून, आणि पुन्हा मागे सावलीत गेला. दोन वीस.

“डॅडा, वॉट आर यू लुकिंग ॲट?” करेनने विचारलं.

“एक आजी आहे. माझी वाट बघतेय.”

“देन गो, ना?”

लिओने फोन उचलला. गॅलरीचा नंबर त्याच्याकडे होताच. दर आठवड्याला वेळा विचारायला लागायचा. पलीकडे एका मुलीने उचलला. त्याने सांगितलं, तुमच्या दाराबाहेर निळ्या टोपीतल्या बाई उभ्या आहेत, त्यांना आत बोलवा, गरम जागी बसवा आणि फोन द्या. सांगा, लिओचा आहे. पुढच्या चित्रात दार उघडं होतं. त्याच्या पुढच्या चित्रात ठिपका नव्हता.

“लिओ?” आवाज वाटला होता त्याहून बारीक होता. “तू बरा आहेस ना? रस्ता ओलांडताना काही झालं का?”

“काही झालं नाही. आइला, मी येऊ शकत नाही. मी दुबईत आहे.”

“कामाला गेलायस होय! मग आधी सांगायचं ना. परत कधी येणार?”

सुटायला तिने स्वतःच दार उघडून दिलं होतं. एक आठवडा, दोन आठवडे, काहीही म्हणता आलं असतं. करेन क्रेयॉन हातात धरून त्याच्याकडे बघत होती.

“परत नाही,” लिओ म्हणाला. “मी तिथला नाहीच. मी भारतातला आहे. दुबईत एका ऑफिसात बसून लिहितो. तुमचं गाव मी कधीच पाहिलेलं नाही. सांगितलेलं एकही प्रदर्शन पाहिलेलं नाही. तुम्ही लिहायचात तेवढंच काय ते मी पाहिलं.”

पलीकडे कुणीतरी काहीतरी बोलत आत आलं, दार लागलं. आइलाने फोन ठेवला की काय, म्हणून लिओने स्क्रीनकडे पाहिलं. अजून चालू होता.

“आणि डोळे?” तिने विचारलं.

“डोळे चांगले आहेत. इथे ऊन फार असतं, सगळे सावलीतून चालतात. तीच सवय मी तिकडे लिहिली.”

“म्हणजे डोळे चांगले आहेत.”

“हो.”

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि तिला ते मनापासून बरं वाटलं होतं. लिओला रडू फुटलं. ती ओरडली असती, तर त्याला सोपं गेलं असतं.

“माझं चुकलं, आइला. मला माफ करा. तुमच्या पत्रांवर मी जगत होतो.”

“माफ काय करायचं,” ती म्हणाली. “मी रागावलेले नाही. मी आठवून बघतेय.” ती सावकाश बोलत होती. शब्द नीट निवडून घ्यायची तिची शाळेतली सवय असणार. “दोन वर्षं मी या गावात एखादा तरुण माणूस चित्रासमोर एकटा उभा दिसला की त्याच्याकडे बघून हसायची. बसमध्ये, पुलावर, दुकानात. वाटायचं, हा तू असशील आणि ओळख द्यायला लाजत असशील. या आठवड्यात तर काळा चष्मा घातलेला एकही सोडला नाही. त्यातले कितीतरी उलट हसले. एकाने मला कोट चढवायला मदत केली. मी तीन दिवस खुशीत होते, की तूच तो.”



“आता मी कुणाकडे बघू?” आइलाने विचारलं.

त्यात टोमणा नव्हता. ज्याचं उत्तर स्वतःलाच येत नाही असा प्रश्न तिने वर्गाला विचारला होता.

“तू कधी येशील का?” ती शेवटी म्हणाली.

इन्शाल्ला हा शब्द लिओच्या अगदी ओठांवर आला. तो कॅथलिक असला म्हणून काय झालं. नाही म्हणायचं नसलं की इथे सगळेच तो म्हणतात. त्याने तो गिळला.

“माहीत नाही,” तो म्हणाला.

“हे खरं बोललास,” आइला म्हणाली. “हातमोजे मी नंतर बघेन. आज नको. आता मी घरी जाते.” फोन त्या मुलीला देताना तिचं फिनिश भाषेतलं काहीतरी ऐकू आलं, आणि कॉल संपला.

लिओ खुर्ची पुढे ओढून स्क्रीनला चिकटला. वखारीच्या दारातून निळा ठिपका बाहेर आला. दहा सेकंदांनी तो पुलाच्या तोंडाशी होता. पुलाच्या या टोकाकडून एक माणूस चालत येत होता. उंच, काळ्या जाकिटातला, चालीवरून तरुण वाटणारा. पुढच्या चित्रात तो थोडा जवळ आला होता आणि ठिपकाही पुलावर चढला होता. त्याच्या पुढच्या चित्रात त्यांच्यात चार पावलांचं अंतर राहिलं होतं. आइलाची टोपी खाली झुकलेली होती, की नुसतीच सावली पडली होती, कळत नव्हतं.

“बघ,” लिओ मराठीत म्हणाला, करेनला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “बघ ना त्याच्याकडे.”

चित्र बदललं. दोघं एकमेकांना ओलांडून गेले होते, माणूस एका टोकाकडे, निळा ठिपका दुसऱ्या. तिने मान वर केली होती की नाही, ते मधल्या दहा सेकंदांत होऊन गेलं होतं.